आरतीत वाजलेली थाळी

दुसऱ्याच्या देहाच्या रक्षणाचा भार जो स्वीकारतो, त्याच्या हाती साथीच्या काळात एक भयंकर अधिकार येतो. दार लावण्याचा. अनेकांचे प्राण वाचावेत म्हणून एखाद्याला वेगळे ठेवावे लागते. ते पाप नव्हे, कर्तव्यच आहे. परंतु त्या कर्तव्याचा दुसरा अर्धा भाग दाराबाहेर असतो. ज्याने कडी घातली, त्याने कडीपाशी कान देऊन बसायचे असते. हा अर्धा भाग जिथे विसरला गेला, तिथे काय घडले ते येथे सांगितले आहे.

घटना खरी आहे. ती एका वृद्धाश्रमात घडली. माझी भाची केतकी तेथे परिचारिका होती. आजही आहे. तिने हे मला जसे सांगितले तसेच मी ठेवतो. माणसांना त्रास नको म्हणून वृद्धाश्रमाचे नाव तेवढे बदलून 'सायंछाया' असे लिहितो.

स्थळ सुरत. भेस्तानच्या वस्तीपलीकडे, जिथे इमारती विरळ होतात आणि मागे उसाची शेते लागतात, तिथले एकमजली घर.

आणि वेळ मध्यरात्रीची नव्हे. दिवे लागलेले होते. दिवाणखाना माणसांनी भरलेला होता. देवापुढे आरती चालली होती...

अशा वेळी ते घडले.

साथीचे पहिले वर्ष. गणपतीचे दिवस. सायंछायेत शोभाबाईंना ताप आला आणि तपासणीत रोग निघाला. शोभाबाई मूळच्या खानदेशातल्या. नवरा सुरतेत यंत्रमागावर आयुष्यभर राबला आणि गेला. मुलगा छगन पलसाण्याला कापड रंगवण्याच्या कारखान्यात होता. साथीत घर सुटले, खोली सुटली, म्हणून त्याने आईला येथे आणून ठेवले होते. येताना बाईंनी पिशवीत एकच भांडे आणले होते. लग्नातली स्टीलची थाळी. तिच्या काठावर मशीनने टिंबाटिंबांनी नाव कोरलेले होते. शोभा.

व्हरांड्याच्या टोकाला सामानाची एक खोली होती. ती रिकामी करून, धुऊन, रोग्यासाठी सिद्ध केली होती. बाईंना तिथे हलवले.

"माले एकली झोपानी सवय नही वं बेटा," त्या केतकीला म्हणाल्या. "जनम गया, कधी एकली झोपनु नही."

ते खरेच होते. एका खोलीत आठ माणसे, अशा घरात त्यांचा जन्म गेला होता.

म्हणून त्या बाहेर येत. एकदा व्हरांड्यात आल्या. एकदा तर थेट जेवणाच्या खोलीत येऊन, तोंडावर पदर घेऊन, उषाताईंच्या शेजारी बसल्या. उषाताई निवृत्त शिक्षिका, दम्याच्या रोगी. त्या दिवशी संचालक योगेंद्रभाईंनी खोलीच्या दाराला बाहेरून लोखंडी कडी बसवली.

योगेंद्रभाई दुष्ट मनुष्य नव्हेत. हे नीट ध्यानात ठेवावे. साथ सुरू झाल्यापासून ते स्वतःच्या घरी गेले नव्हते. कचेरीतच सतरंजीवर झोपत. ऑक्सिजनचे बाटले स्वतःच्या गाडीत घालून आणत.

"केतकीबेन, मला पण हे बरं वाटत नाही," ते म्हणाले. "पण त्या उद्या सगळ्यांत फिरल्या तर बाकीच्यांना काय सांगू? म्हातारी माणसं आहेत. एक गेलं की रांग लागेल."

"आत काही झालं तर? तिथे घंटा नाही."

"दाराबाहेर खुर्ची ठेवू. कुणीतरी बसेल. आणि त्यांची थाळी आहे ना? लागलं काही, तर वाजवायची."

बाईंना ते समजावून सांगितले. त्यांनी दोनदा चमचा मारून पाहिला. स्वच्छ, लांबवर जाणारा आवाज आला.

"ऐकू येस ना?" त्यांनी दाराआडून विचारले.

"येतं हो मावशी," केतकी म्हणाली.

त्या संध्याकाळी आरतीची वेळ झाली. बाहेरच्या कुणाला आत येण्याची मुभा नव्हती. मुलेबाळे नाहीत, पाहुणे नाहीत. मातीची लहानशी मूर्ती, तोंडावर मास्क लावून, जमिनीवर आखलेल्या वर्तुळांत दूर दूर उभी असलेली वृद्ध माणसे. योगेंद्रभाईंना ते बघवेना. त्यांनी व्हरांड्यात डोकावून हाक दिली.

"केतकीबेन, पाच मिनिटं या. एवढी तरी आरती भरल्यासारखी होऊ दे."

केतकी खुर्चीवरून उठली. आणि उषाताईंचे गुडघे दुखत होते, म्हणून ती खुर्चीही आत नेली.

झांजा वाजू लागल्या. टाळ्या पडू लागल्या. पहिले कडवे संपले नसेल...

तोच व्हरांड्याच्या टोकाकडून थाळी वाजू लागली.

अगदी तालावर.

सगळ्यांचे चेहरे उजळले. उषाताईंच्या डोळ्यांत पाणी आले. "बघा हो, शोभाबाई आतून साथ देताहेत," त्या म्हणाल्या. "एकटी बाई तिथे, आणि भाव बघा केवढा."

थाळी वेगात आली. झांजाही वेगात आल्या.

थाळी आणखी जोराने वाजू लागली. उषाताईंनी, शोभाबाईंचा उत्साह मोडू नये म्हणून, आणखी एक आरती धरली. मग देवीची. मग शंकराची. टोकाकडून ठोके येतच होते. आता ते तालात नव्हते. पण तालाकडे कोण पाहतो? श्रद्धेपुढे ताल काय?

मग कापूर लागला. मंत्रपुष्पांजली झाली. झांजा थांबल्या.

थाळी...

थाळी आधीच थांबली होती. केव्हा, ते कुणालाच सांगता येईना.

केतकी अंगावर किट चढवून प्रसादाचा मोदक घेऊन गेली. कडी काढली. दार उघडेना. आतून काहीतरी जड लागत होते. तिने खांदा लावून ढकलले. मग बोटभर फट पडली. त्या फटीतून तिला प्रथम हात दिसला.

हाताला नखे उरली नव्हती.

बाई दाराशी कोसळल्या होत्या. श्वास कोंडला तेव्हा त्यांनी आधी थाळी चमच्याने वाजवली होती. चमचा वाकून गेला होता. मग मुठीने. मुठीची कातडी सोलवटून थाळीला चिकटली होती. आणि कुणी येत नाही असे पाहून त्यांनी नखांनी दार ओरबाडले होते, मग थाळी दोन्ही हातांत उभी धरून तिची कड दारावर हाणली होती. पुन्हा पुन्हा. दाराच्या आतल्या अंगाला, कमरेच्या उंचीपासून खाली खाली उतरत गेलेले, चंद्रकोरीसारखे घाव होते. सर्वांत खालचा घाव उंबऱ्याजवळ होता. तिथवर त्या बसून, मग आडव्या होऊनही हाणत राहिल्या होत्या. थाळीचा काठ फाटला होता. तळव्यांत तो हाडापर्यंत शिरला होता. येताना तिच्या लक्षात आले नव्हते, पण दाराखालून रक्ताचा ओघळ व्हरांड्यात आला होता, आणि जिथून खुर्ची उचलली होती तिथे थांबला होता.

महापालिकेची गाडी आली. देह गुंडाळून नेला. नियमाप्रमाणे खोलीतले सारे पिवळ्या पिशवीत भरून नष्ट करण्यासाठी गेले. थाळीही गेली.

दुसऱ्या दिवशी छगन फाटकाबाहेर उभा राहिला. कारखान्यातून तसाच आला होता. हात कोपरापर्यंत निळे. त्याने आईची थाळी मागितली.

"नाही देता येत, भाऊ," योगेंद्रभाई फाटकाआतून म्हणाले. "गेली ती. नियम आहे."

छगनने केतकीकडे पाहिले. तिने त्याला फोनवर सगळे सांगितले होते.

"मनी माय थाळी वाजाडत व्हती," तो शांतपणे म्हणाला. "तव्हय तुम्ही काय करत व्हतात, साहेब?"

उत्तर एका शब्दाचे होते, आरती, आणि ते योगेंद्रभाईंच्या तोंडून निघेना.

त्यानंतर सायंछायेत झांजा कपाटात गेल्या. आरती नुसत्या टाळ्यांवर, हळू आवाजात होऊ लागली. सुताराने दाराचे घाव पुट्टीने भरले, वर हिरवा रंग दिला. खोलीत बॅटरीवर चालणारी घंटा बसवली. योगेंद्रभाई शिकले नाहीत असे नव्हे. पण कडी... कडी तशीच राहिली.

आणि पुट्टी टिकेना.

अधूनमधून ती आपोआप गळून पडे. बंद खोलीत, फरशीवर, कापलेल्या नखांसारखे पांढरे, चंद्रकोरीच्या आकाराचे तुकडे सापडत. केतकी ते झाडून टाकी. कुणाला सांगत नसे.

पुढच्या चैत्रात दुसरी लाट आली. तिचे वर्णन करण्याची गरज नाही. जे त्या दिवसांत सुरतेत होते त्यांना रुग्णवाहिकांचे आवाज आजही आठवतात.

सायंछायेत मधुकरकाकांना रोग झाला. काका बँकेतून निवृत्त झालेले, मधुमेही, बोलके. रक्तातली साखर उतरली की त्यांचे भान जाई आणि ते भलतीकडे चालू लागत. ताप आला त्याच दिवशी ते असेच बायकांच्या खोलीत शिरले होते.

त्यांना टोकाच्या खोलीत नेले.

"आयुष्यभर लोकांचे दागिने लॉकरमध्ये ठेवले," काका उंबऱ्यावर उभे राहून म्हणाले. "आता मलाच ठेवताय."

"लॉकरमध्ये ठेवण्यासारखं तुमच्याकडे आहे काय?" उषाताई लांबूनच म्हणाल्या. "कवळी?"

काका हसले. दार लागले. कडी पडली.

"योगेंद्रभाई, कडी नको," केतकी म्हणाली.

"घंटा आहे आता. ताटवाट्याही नाहीत आत, पत्रावळीत जेवण देतोय. सगळं नियमाने आहे, केतकीबेन. ते भान जाऊन परत कुणाच्या खाटेवर जाऊन बसले तर? ऑक्सिजन कुठून आणू? रात्रभर फोन करतोय, बाटला मिळत नाही."

"आणि भान जाऊन त्यांना घंटाच सापडली नाही तर?"

योगेंद्रभाई थकलेल्या डोळ्यांनी तिच्याकडे पाहत राहिले. "मग मी काय करू, तुम्हीच सांगा," ते म्हणाले. तो राग नव्हता. ते खरोखर विचारत होते.

केतकी दिवसभर दाराबाहेर खुर्चीवर बसून राहिली. काकांचा जीव तिला राखायचा होता. त्या दारामागे आणखी एक मरण तिला सोसवले नसते.

दुपारी काकांनी आतून विचारले, "केतकी, शेजारी कोण भांडी घासतंय गं?"

"शेजारी?"

"या भिंतीपलीकडे. एकच भांडं घासताहेत मघापासून. राख लावून घासावं तसं."

भिंतीपलीकडे खोली नव्हती. तिथे नुसते उसाचे शेत होते.

तो हनुमान जयंतीचा दिवस होता. माणसे घाबरली होती. कुणी जेवत नव्हते. योगेंद्रभाईंनी मनाशी काही ठरवले, कपाट उघडले आणि झांजा बाहेर काढल्या. "आज जरा मोठ्याने होऊ द्या," ते म्हणाले. "मारुतीरायापुढे कसलं भ्यायचं?"

त्याच वेळी आतल्या खोलीत एका आजींना धाप लागली. केतकीला खुर्ची सोडून धावावे लागले. ती तिकडे नळी लावीत असतानाच आरती सुरू झाली.

झांजा. टाळ्या. कापराचा वास.

आणि मग...

ठण्.

व्हरांड्याच्या टोकाकडून.

ठण्. ठण्.

टाळ्या वाजवणारा एकेक हात थांबला. उषाताईंचा आवाज मधेच तुटला. योगेंद्रभाईंच्या हातातल्या झांजा हवेतच राहिल्या.

आरती थांबली. थाळी थांबली नाही.

ती एकटीच वाजत राहिली. आता तालावर नव्हे. रागाने.

"खोलीत थाळी नाही," उषाताई पुटपुटल्या. "योगेंद्रभाई, खोलीत थाळी नाहीये."

केतकी धावली. तिच्या आधी योगेंद्रभाई पोहोचले. दार थरथरत होते. आतून कुणीतरी दारावर घाव घालीत होते, लाकूडतोड्याने खोडावर घालावेत तसे. प्रत्येक घावाला हिरव्या रंगाची साल उडत होती. पुट्टीची भुकटी धुरासारखी दाराखालून येत होती.

"उघडा," केतकी म्हणाली.

योगेंद्रभाईंचा उजवा हात कडीवर होता. पण तो कडी काढीत नव्हता.

तो कडी धरून होता. आत जे होते ते बाहेर येऊ नये म्हणून. भयाने माणूस काय करतो, हे त्याचे त्यालाही कळत नाही.

"योगेंद्रभाई, हात काढा."

"काका असं नाही करणार," ते म्हणाले. "हे काका नाहीत. तुम्ही ऐकता ना? काकांच्या हातात एवढं बळ नाही."

"काका आत आहेत. उघडा."

ठोके थांबले.

एक श्वासभर शांतता...

मग शेवटचा घाव पडला. फळी उभी फाटली. फाटलेल्या फळीतून स्टीलची कड बाहेर आली, कुऱ्हाडीच्या पात्यासारखी, कडीच्या बरोबर खाली, आणि योगेंद्रभाईंची दोन बोटे व्हरांड्याच्या फरशीवर पडली. रक्ताची चिळकांडी त्यांच्या मास्कवर, केतकीच्या मानेवर, भिंतीवरच्या 'हात धुवा' या पाटीवर उडाली. ते त्या कडेकडे पाहत होते. तिचा काठ फाटलेला होता. त्यावर टिंबाटिंबांनी अक्षरे होती. ती केतकीनेही वाचली.

शोभा.

मग ती कड सावकाश आत ओढली गेली.

केतकीने कडी काढली. या वेळी दार सहज उघडले. दारामागे कुणी नव्हते.

मधुकरकाका खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला, खाटेवर उताणे पडले होते. घामाने निथळत होते, ओठ निळे, डोळे अर्धे मिटलेले. घंटेचे बटण खाटेखाली पडले होते. साखर इतकी उतरली होती की आणखी थोडा उशीर झाला असता तर केतकीच्या हाती काही राहिले नसते. आरतीच्या शेवटापर्यंत ते टिकलेच नसते. तिने शीर शोधून ग्लुकोज दिले. एका हाताने काकांची नाडी, दुसऱ्या हाताने योगेंद्रभाईंच्या पंज्यावर दाबलेला कापडाचा बोळा, अशी ती कितीतरी वेळ गुडघ्यांवर बसून होती.

खोलीत थाळी नव्हती. धातूची वस्तूच नव्हती. कोपऱ्यात दुपारची पत्रावळ तेवढी पडली होती.

काकांनी डोळे उघडले.

"त्या बाई गेल्या का?" त्यांनी विचारले.

"कोण बाई, काका?"

"माझ्या उशाशी बसल्या होत्या. मला हात उचलता येईना. घंटा पडली. म्हटलं, आता संपलं. तर त्या म्हणाल्या..." काका थांबले. त्यांना ती बोली येत नव्हती. तरी त्यांनी शब्द जसेच्या तसे उच्चारले.

"'तुम्ही पडी ऱ्हा, भाऊ. मी वाजाडस.'"

शोभाबाई गेल्या तेव्हा काका सायंछायेत राहायलाही आले नव्हते.

पुढे सुताराने दार पाहिले. म्हणाला, घाव आतूनच आहेत, आणि ताजे आहेत. रुग्णालयात योगेंद्रभाईंनी दार फुटून हात कापला एवढेच सांगितले. डॉक्टरांनी जखमेकडे पाहिले. मग त्यांच्या तोंडाकडे पाहिले. साथीच्या दिवसांत कुणाला अधिक विचारायला सवड नव्हती.

बोटे जोडता आली नाहीत.

हात बांधलेला असतानाच योगेंद्रभाईंनी डाव्या हाताने सायंछायेतल्या सगळ्या बाहेरच्या कड्या उखडल्या. आता तेथे वेगळ्या ठेवलेल्या रोग्याच्या दाराला जाळीचे अर्धे फाटक असते, आणि दाराबाहेरची खुर्ची फरशीला स्क्रूने पक्की केलेली आहे. ती कुणाला उचलता येत नाही. मधुकरकाका अजून आहेत. उषाताईंशी त्यांचे रोज भांडण होते. छगन दर अमावास्येला येतो आणि उंबऱ्यावर एक भाकरी ठेवून जातो.

मी गेल्या वर्षी केतकीला भेटायला गेलो, तेव्हा आरतीला थांबलो. तेथे एक रीत पडली आहे. पहिली आरती संपली की झांजा खाली ठेवतात. सगळे जण स्तब्ध उभे राहतात आणि कान देतात. कुणाला काही लागत असेल तर ते ऐकू यावे म्हणून. मग पुढची आरती.

मीही कान दिला. बाहेर उसाची पाने वाजत होती. दूर महामार्गावर गाड्या होत्या. त्या दिवशी घरात कुणी आजारी नव्हते. टोकाची खोली रिकामी होती.

आणि तरीही त्या स्तब्धतेत, अगदी हलकेच...

ठण्.

एकदाच. कुणीतरी थाळी भिंतीला टेकवून ठेवावी तसा आवाज.

कुणी मागे वळून पाहिले नाही. योगेंद्रभाईंनी तीन बोटांचा हात छातीशी नेला आणि डोळे मिटले. मी आयुष्यभर शास्त्रे वाचली. त्या आवाजाचा अर्थ मला कोठेही सापडलेला नाही. घरी आरती म्हणताना आता माझा स्वर मधेच थांबतो, आणि मी ऐकत राहतो.

ज्यांनी दार लावले त्यांना क्षमा लाभो. ज्यांच्यावर ते लागले त्यांना शांती लाभो. जे आज कुणाच्या तरी दाराशी खुर्ची टाकून बसले आहेत, त्यांचे कान सदैव जागे राहोत. आणि शोभाबाई, तुमचे हात दुखले असतील. थाळी आता खाली ठेवा. उशाशी कुणीतरी आहे, असे तुम्हाला निवांत झोप लागेपर्यंत वाटत राहो.